नोकरी सोडून वन्यजीव संवर्धनाच्या छायाचित्रणाकडे वळण्यापूर्वीची तयारी

बँक, विक्री विभाग, शिकवणी, कारखान्याचे हिशेबखाते अशा निरनिराळ्या नोकऱ्या करून ज्यांनी वन्यजीव संवर्धनासाठी छायाचित्रण करायचे ठरवले आहे, त्यांनी राजीनाम्याआधी किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला काढावा आणि त्यात कॅमेऱ्याचा पैसा मिसळू नये. नोकरीबरोबर सामूहिक आरोग्य विम्याचे संरक्षण जाते आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ लागतो, म्हणून स्वतःचा विमा आधीच घ्यावा. कर्मचारी निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागत असल्याने सर्व नोकऱ्यांची भविष्य निर्वाह निधीची खाती एकाच यूएएनखाली (नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या निधी क्रमांकाखाली) जोडून घ्यावीत.

त्यानंतर विषय ठरवावा, आणि तो घराजवळचा असावा. सांगलीकराला ताडोबाला जाण्याची गरज नाही. औदुंबर, भिलवडी, डिग्रज या पट्ट्यातील कृष्णेत मगरी आहेत, आणि त्याच काठावर शेतकरी रात्री वीज आली की मोटार चालू करायला उतरतो, बायका धुणे धुतात, कोळी जाळी टाकतात. हिवाळ्यात काठावर ऊन खात पडलेली मगर कोणीही टिपेल. संवर्धनाचे छायाचित्र मात्र त्या मोटारीपाशी, विजेरीच्या उजेडात पाय टेकायला जागा शोधणाऱ्या माणसाचे असते, कारण पाणवठा सुरक्षित केल्याशिवाय मगरही सुरक्षित राहणार नाही. साताऱ्याच्या वाचकाला असाच विषय कासच्या पठारावरील गर्दीत किंवा माण-खटावच्या माळावरील लांडग्यांत सापडेल.

साहित्याबाबत थोडक्यात सांगायचे तर दूरचे टिपण्यासाठी १५०-६०० मिलिमीटरची एक लेन्स, माणसांसाठी एक रुंद कोनाची लेन्स, दोन हार्ड डिस्क आणि कोयनेच्या पावसात बुरशी टाळण्यासाठी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा एवढे पुरते. साहित्याचा विमा मात्र टाळू नये.

परवानग्यांना वेळ लागतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश परवान्याची तरतूद आहे. त्यामुळे सागरेश्वर, कोयना किंवा चांदोलीत काम करायचे असल्यास वन्यजीव विभागाकडे हेतू, कालावधी आणि साहित्य नमूद करून लेखी अर्ज द्यावा. नदीकाठी काम करतानाही वनपाल आणि पोलीस पाटलांना आधी भेटावे.

खरी कसोटी आचारसंहितेची आहे आणि ती पहिल्या दिवसापूर्वी लिहून काढावी. मगरीला कोंबडीचे आमिष दाखवायचे नाही. मादी उन्हाळ्याच्या तोंडावर वाळूत खड्डा करून अंडी घालते; तिथे लपून बसायचे नाही आणि घरट्याचे ठिकाण कोणालाही कळवायचे नाही, म्हणून प्रसिद्धीपूर्वी छायाचित्रातील जीपीएस नोंद काढून टाकावी. हल्ल्यात माणूस गमावलेल्या घरी कॅमेरा पिशवीतच ठेवून जावे, आणि संमती मिळाली तरी ती पुन्हा विचारावी. माझ्या मते हे ज्याला जमत नाही त्याने नोकरी सोडू नये.

पूर्वीचे कसब इथे उपयोगी पडते: हिशेबनीसाने प्रत्येक छायाचित्राची तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि हजर माणसे वहीत नोंदवावीत, शिक्षकाने त्यातून शाळांसाठी पाठ तयार करावा, विक्रीत काम केलेल्याने ग्रामसभेत मांडणी करावी. मथळे मराठीतच लिहावेत आणि पहिला संच पाणवठ्याला कुंपण घालण्याच्या मागणीसह त्या गावच्या ग्रामपंचायतीला आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्यावा. मासिके व स्पर्धांकडे तो नंतर पाठवता येतो.