उष्णता विनिमयाची गणितं: या चुका टाळा

‘उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता = थंड वस्तूने ग्रहण केलेली उष्णता.’ दहावीच्या मुलांना हे वाक्य झोपेतही म्हणता येतं. सूत्रही पाठ असतं: वस्तुमान × विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) × तापमानातला फरक. तरी गणित चुकतं, आणि बहुतेक वेळा गुणाकारात नाही. उष्णता कोण देतंय, कोण घेतंय आणि मधेच कोणाची अवस्था बदलतेय, हे न ठरवताच समीकरण मांडलेलं असतं.

फरक उलटा घेणं

लोखंडाचा २०० ग्रॅमचा गोळा १००° से. पर्यंत तापवून पाण्यात टाकला. पाणी ३०० ग्रॅम, तांब्याचा कॅलरीमापी (ज्यात हा प्रयोग करायचा ते भांडं) १०० ग्रॅम, दोघंही २५° से. वर. विशिष्ट उष्माधारकता पाण्याची १, लोखंडाची ०.११ आणि तांब्याची ०.०९३ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश. अंतिम तापमान क्ष मानू.

२०० × ०.११ × (१०० − क्ष) = (३०० × १ + १०० × ०.०९३) × (क्ष − २५)

क्ष येतो जवळपास ३०. आता डावीकडे चुकून (क्ष − १००) लिहून बघा. उत्तर येतं १९.३! म्हणजे तापलेला गोळा पडल्यावर पाणी गार झालं. अंतिम तापमान सुरुवातीच्या दोन तापमानांच्या मधेच यायला हवं. बाहेर गेलं की आकडेमोड पुन्हा तपासत बसू नका, कंस बघा.

काहींना ३० हे उत्तरच पटत नाही, कारण त्यांनी मनात सरासरी काढलेली असते: ६२.५. पण हे २०० ग्रॅम लोखंड उष्णतेच्या हिशेबात फक्त २२ ग्रॅम पाण्याएवढं आहे. नुसती सरासरी चालते ती पदार्थ एकच आणि वस्तुमान सारखं असेल तेव्हा. आंघोळीच्या बादलीत ८०° चं ५ लिटर पाणी आणि विसण म्हणून २५° चं १० लिटर घातलं, तर तापमान ५२.५° नाही, ४३.३° होतं.

या गणितात भांडं विसरलात तर उत्तर दशांश अंशानेच हलतं. पाणी ५० ग्रॅम आणि कॅलरीमापी २०० ग्रॅम असता तर चांगलाच फटका बसला असता.

बर्फ सगळा वितळणारच, असं धरणं

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. ०° से. चा १०० ग्रॅम बर्फ ६०° से. च्या १०० ग्रॅम पाण्यात टाकला. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, म्हणून सवयीने मांडणी होते:

१०० × ८० + १०० × क्ष = १०० × (६० − क्ष)

क्ष = −१०. शून्य अंशाचा बर्फ आणि गरम पाणी मिळून उणे दहा? आधी विचारायचा प्रश्न असा: पाणी ०° पर्यंत थंड होताना जास्तीत जास्त किती देऊ शकतं? ६००० कॅलरी. सगळा बर्फ वितळायला लागतात ८०००. म्हणजे ६००० ÷ ८० = ७५ ग्रॅमच वितळेल, २५ ग्रॅम बर्फ तसाच राहील आणि तापमान ०° वरच थांबेल. इथे समीकरण सोडवायचंच नव्हतं. बर्फ −१०° चा दिला असेल, तर तो आधी ०° वर यायला ग्रॅममागे ५ कॅलरी वेगळ्या लागतात. बर्फाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या साधारण निम्मी, ०.५ असते.

वाफेचं उलट होतं. १००° च्या १० ग्रॅम वाफेचं पाणी होताना बाहेर पडणाऱ्या ५४०० कॅलरी (ग्रॅममागे ५४०) लिहिल्या की मुलं थांबतात. पण वाफेचं झालेलं पाणी अजून १००° वर आहे, तेही थंड होताना उष्णता देतं. २०° च्या २०० ग्रॅम पाण्यात ही वाफ सोडली तर उत्तर ४९.५°, तो टप्पा गाळला तर ४७°.

एककांची खिचडी

तांब्यासाठी ३८५ (ज्यूल, किलोग्रॅम) आणि पाण्यासाठी १ (कॅलरी, ग्रॅम) एकाच ओळीत घेतले की संपलं. एकच पद्धत धरा. तापमानाच्या फरकात २७३ मिळवू नका, कारण १० अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे १० केल्विनचाच फरक.

जिथे तिथे ‘गमावलेली = ग्रहण केलेली’

गिझरच्या गणितात उष्णता गमावणारी वस्तूच नसते, वीज असते. १५ लिटर पाणी २५° वरून ६०° वर न्यायला १५ × ४१८० × ३५, म्हणजे सुमारे २२ लाख ज्यूल लागतात. २००० वॅटच्या गिझरला साधारण १८ मिनिटं. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण टाकी आणि बाहेरची हवाही आपला वाटा घेतात.

प्रयोगशाळेत लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता नेहमी जास्तच येत असेल, तर गोळा उचलताना बघा. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गोळ्याला १ ग्रॅम पाणी चिकटून आलं, तरी वरच्या गणितातल्या २२ चे २३ होतात, म्हणजे साडेचार टक्के चूक. दोरा धरून गोळा क्षणभर झटकायचा आणि लगेच कॅलरीमापीत सोडायचा. हवेत रेंगाळला तर चूक दुसऱ्या बाजूला जाते.