भर पावसात ओल्या लाकडाची आग कशी पेटवावी : डोंगरात जाणाऱ्या स्त्रियांसाठी

पावसाळ्यात सह्याद्रीत वाट चुकून रात्र उघड्यावर काढावी लागली, तर सर्वांत मोठा धोका थंडीचा असतो. हवा पंधरा-सोळा अंशांची असली तरी ओले कपडे आणि घाटमाथ्यावरचा वारा मिळून अंगातली ऊब काढून घेतात. आधी हुडहुडी भरते, मग बोटे बधिर होतात, बोलणे अडखळू लागते आणि शेवटी अंगाची थरथर थांबते. ती थांबली म्हणजे बरे वाटू लागले असे समजू नये, कारण तेव्हा प्रकृती गंभीर झालेली असते. गेली बारा वर्षे मी स्त्रियांच्या गटांना डोंगरात तग धरायला शिकवते आहे आणि त्यातले खरे अवघड काम ओल्या लाकडाची आग पेटवणे हेच आहे.

वाट चुकल्याचे लक्षात येताच थांबावे. रेंज असेल तर ११२ वर फोन करावा. मिनिटाला सहा वेळा शिटी वाजवून एक मिनिट थांबावे आणि हा क्रम चालू ठेवावा. वाऱ्याला पाठ देणारा आडोसा शोधावा आणि पिशवीत गुंडाळून आणलेले कोरडे कपडे आधी अंगात घालावेत. लघवीला आडोसा मिळणार नाही या संकोचापोटी पाणी पिणे टाळणाऱ्या पुष्कळ मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. ही सवय घरीच सोडून यावे.

आता आग. राखीव वनात आणि अभयारण्यात आग पेटवणे हा गुन्हा आहे, म्हणून सराव स्वतःच्या अंगणात किंवा मालकाला विचारून पडीक शेतात करावा. जंगलात ही विद्या जीव वाचवण्यापुरतीच वापरायची.

पहिल्यांदा मी हिर्डोशी खोऱ्यातल्या एका वाडीबाहेर, जुलैच्या पावसात, अख्खी काडेपेटी संपवली होती. शिकवणाऱ्याने सांगितले होते की रॉकेल ओतले की काहीही पेटते. रॉकेल भडकले, जळून गेले आणि लाकूड होते तसेच काळे, ओले राहिले. वाडीतल्या एका मावशींनी ते पाहिले, माझ्या हातातली काडेपेटी काढून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘बाई, काडी मागनं. आधी कोयता घे.’’ त्यानंतर अर्धा तास त्या नुसते लाकूड फोडत बसल्या आणि मग त्यांनी एकाच काडीत आग पेटवली. तेव्हापासून रॉकेल, पेट्रोल आणि सॅनिटायझर यांचा सल्ला देणाऱ्यांचे मी ऐकत नाही. पेट्रोलची वाफ लांबूनच भडकते आणि चेहरा भाजतो.

मावशींचे काम नीट समजून घ्यावे. जमिनीवर पडलेले लाकूड त्यांनी उचललेच नाही, कारण ते आतपर्यंत पाणी प्यालेले असते. उभ्या झाडावर वाळलेली किंवा फांद्यांत अडकून लटकलेली, मनगटाएवढी फांदी घ्यावी. टोक मोडून पाहावे : कट् असा आवाज आला तर लाकूड कामाचे, नुसते वाकले तर सोडून द्यावे. कितीही पाऊस झाला तरी अशा फांदीचा गाभा बहुधा कोरडा असतो. तिचे हातभर तुकडे करून एक तुकडा उभा धरावा, टोकावर कोयत्याचे पाते टेकवावे आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत तो उभा चिरावा. धरणारा हात पात्याच्या रेषेत कधीही येऊ देऊ नये. चिरलेला तुकडा गालाला लावून पाहावा. गार लागला तर तो अजून ओला आहे.

ओली साल तासून फेकावी आणि गाभ्याच्या चिरफळ्या तीन जाडींच्या कराव्यात : काडेपेटीतल्या काडीएवढ्या दोन मुठी, पेन्सिलीएवढ्या दोन मुठी आणि अंगठ्याएवढी एक कवळ. हा ढीग पुरेसा वाटू लागला की आणखी तेवढाच करावा. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी नऊजणी इथेच घाई करतात आणि पहिली ज्वाळा दिसताच तिच्यावर जाड लाकूड टाकून ती विझवतात. मिश्र गटात कोयता पुरुषाच्या हाती जातो आणि बाईला काटक्या वेचायला पाठवतात. कोयता आपण मागून घ्यावा, कारण एकटे पडल्यावर तोच चालवायचा असतो.

बिब्बा, कण्हेर आणि चिकाची झाडे सरपणात मुळीच नकोत. बिब्ब्याच्या धुरानेही अंगावर फोड येतात आणि कण्हेरीचा धूर विषारी असतो.

ओल्या जमिनीची वाफ ज्वाळा मारते, म्हणून खाली अंगठ्याएवढ्या काड्या जवळजवळ मांडून माची करावी. तिच्यावर कापराच्या दोन वड्या किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी ठेवावी; ट्यूब ओली असली तरी जळते. कापूर उडून जातो, तेव्हा तो घट्ट झाकणाच्या डबीत न्यावा आणि काडेपेटी दुहेरी पिशवीत ठेवावी. ओढणी काढून, केस बांधून, नायलॉनचा रेनकोट लांब ठेवून मगच काडी ओढावी. सर्वांत बारीक चिरफळ्या आधी, हवेला वाट ठेवून घालाव्यात. फुंकर जमिनीलगत, लांब आणि सावकाश असावी. चुलीला फुंकणी घालण्याची सवय असलेल्या बायकांना हे सांगावे लागत नाही.

आग धरली की पुढचे लाकूड भोवती रचून वाळत ठेवावे. तंबूच्या आत आग किंवा निखारे कधीही नेऊ नयेत, त्यातला वायू झोपेतच जीव घेतो. निघताना पाणी ओतून राख काठीने ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि तळहाताची पाठ राखेजवळ नेऊन पाहावी. ऊब लागली तर आणखी पाणी आणावे.