समृद्धीवर गाडी थरथरते? आधी हे बघा

नागपूरहून समृद्धीवर चढलं, काटा ९०च्या पुढे गेला की गाडी थरथरते. गॅरेजमध्ये लगेच सस्पेन्शनचा खर्च मान्य करू नका.

थरथर स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग गेलंय, सीटखाली असेल तर मागच्या. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर पुढच्या डिस्क तपासा.

गाडी एका बाजूला ओढते? सकाळी, टायर थंड असताना हवा बघा. आपल्याकडच्या उन्हात दुपारचा आकडा हमखास फसवतो. तरीही ओढत असेल तर पुढची चाकं डावी-उजवी बदला (टायरवर दिशेचा बाण नसेल तरच). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा, नाहीतर अलाइनमेंट करून घ्या.

टायरला फुगा दिसला तर मात्र महामार्गावर जाऊच नका.