घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा कितपत खरा, हे कसे पडताळावे

एकाच बोटातून एका मिनिटाच्या अंतराने दोनदा साखर तपासली आणि मीटरने एकदा १४२, एकदा १५६ दाखवले, तर बहुतेक जण मीटर बिघडला असे समजतात. वास्तविक हे दोन्ही आकडे बरोबर धरले जातात. आयएसओ १५१९७ या ग्लुकोमीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा मीटरचे किमान ९५ टक्के निकाल प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के कमी-जास्त एवढ्या मर्यादेत असले की पुरते. १०० च्या खाली ही मर्यादा १५ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे खरी साखर १५० असताना मीटरने १२८ ते १७२ मधले काहीही दाखवले, तरी त्याला दोष देता येत नाही. खरी साखर ७० असताना तो ८५ ही दाखवू शकतो, आणि माझ्या मते जपायचे ते इथेच. हातपाय थरथरत असतील, दरदरून घाम सुटला असेल आणि मीटर ८० दाखवत असेल, तर मीटरपेक्षा शरीरावर विश्वास ठेवावा आणि साखर कमी झाल्यावर करायचा उपाय लगेच करावा.

मानकाने दिलेली ही सूट आपल्या हातात नाही; मात्र तिच्यात जी भर पडते ती बहुधा आपल्याच बोटामुळे पडते. स्ट्रिप साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त ओढून घेते. साखर १०० असेल तर तेवढ्या रक्तात अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग एवढीच साखर असते. फळ सोलल्यावर बोटांना लागलेला, वाळून दिसेनासा झालेला रस या मानाने कितीतरी जास्त भरतो, आणि मग आकडा एकदम दुप्पट झालेला दिसतो. म्हणून साबण लावून पाण्याने हात धुवावेत आणि पुरते कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. स्पिरिटच्या बोळ्याने साखर पुरती निघत नाही. पाणी मिळालेच नाही, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. बोटाच्या कडेला टोचावे आणि हात खाली सोडून रक्त आपोआप येऊ द्यावे. बोट जोराने पिळल्यास ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो.

यानंतर स्ट्रिपच्या डबीकडे पाहावे. डबीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिप काढली की झाकण तत्क्षणी घट्ट लावावे, डबी न्हाणीघरात, शेगडीजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये, आणि एका डबीतल्या स्ट्रिपा दुसरीत ओतू नयेत. काही स्ट्रिपांना डबी उघडल्यापासून वेगळी मुदत लागू होते, त्यामुळे उघडल्याची तारीख डबीवरच लिहून ठेवावी. कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे साखरेचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाचा, थेंब स्ट्रिपला लावून येणारा आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसला, तर मीटर आणि स्ट्रिप यांची जोडी ठीक आहे असे मानावे. बोट स्वच्छ होते की नव्हते, हे मात्र त्यातून कळत नाही.

खरी पडताळणी प्रयोगशाळेशीच होते. दोन मीटर एकमेकांशी ताडून पाहण्याची हौस अनेकांना असते, पण त्यांतला खरा कोणता हे त्यावरून ठरत नाही. पडताळणीसाठी उपाशीपोटी जावे, कारण जेवणानंतर बोटातल्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा बरीच अधिक असू शकते. शिरेतून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत आपल्या मीटरवर बोटाच्या रक्ताची तपासणी करून आकडा लिहून ठेवावा. नमुना लवकर तपासला जाईल ना, हेही विचारावे, कारण नळीतल्या पेशी साखर वापरत राहतात आणि नमुना तसाच पडून राहिला तर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर घटते. मग दोष नसलेला मीटरही जास्त दाखवतो असे वाटू लागते. प्रयोगशाळेचा आकडा १३२ आणि मीटरचा १४५ असेल, तर १३ चा फरक १३२ ने भागून १०० ने गुणावा. उत्तर सुमारे १० टक्के येते, म्हणजे मीटर मर्यादेत आहे. एका दिवसाच्या तुलनेवरून निकाल लावू नये. वेगवेगळ्या दिवशी तीनदा ताडून प्रत्येक वेळी फरक १५ टक्क्यांच्या वर गेला, तर आधी नवी डबी वापरून पाहावी आणि तरीही फरक राहिला तर मीटर बदलावा.

काही कारणे मीटरच्या आणि बोटाच्याही पलीकडची असतात. रक्तक्षय असेल तर अनेक मीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. रक्त दाट असेल तर कमी दाखवतात. शिरेतून क जीवनसत्त्वाचे मोठे डोस चालू असतील, तर आकडा फसवा असू शकतो. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांपैकी ज्यांच्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन (शरीरात मोडून माल्टोज ही वेगळी शर्करा देणारा पदार्थ) असते, त्यांच्या बाबतीत जीडीएच-पीक्यूक्यू (साखर ओळखणाऱ्या विकराचा एक प्रकार) पद्धतीच्या स्ट्रिपा रक्तातल्या माल्टोजलाच साखर म्हणून मोजतात आणि साखर प्रत्यक्षात धोकादायक पातळीवर उतरलेली असताना चांगली दाखवतात. अशा रुग्णांनी स्ट्रिपच्या माहितीपत्रकातील पद्धतीचे नाव डॉक्टरांना दाखवूनच मीटर घ्यावा.