चवथीची ऑनलाइन खरेदी: जिवावर बेतणाऱ्या या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत घरोघरी कुरियरची खोकी येऊ लागतात. माटोळीभोवती (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताभोवती) लावायच्या दिव्यांच्या माळा, चार्जर, नव्या स्कूटरसाठी हेल्मेट. बनावट पर्स गळ्यात पडली तर पैसे जातात. बनावट चार्जर किंवा हेल्मेट आले तर जिवावर बेतते. म्हणून या वस्तू घेताना सवलत सर्वांत शेवटी पाहावी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आयएसआयचे चिन्ह दिसले की निर्धास्त होणे. चिन्ह कोणीही छापू शकतो. तपासायचा असतो तो क्रमांक. हेल्मेटवर चिन्हाच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. चार्जरवर ‘आर-’ आणि पुढे ८ अंक असतात. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूसाठी आणि चालू आहे की नाही, ते कळते. यातली एक गोष्ट जरी जुळली नाही, तर वस्तू वापरायला काढू नका.

रिव्ह्यूंवर विसंबणे ही दुसरी चूक. हेल्मेटला पाच तारे देणारा रंग आणि फिटिंगबद्दल लिहितो. पडल्यावर ते डोके वाचवेल का, हे त्याला ठाऊक नसते. आघात शोषतो तो आतला थर्माकोलसारखा थर, आणि नकली मालात काटकसर होते ती नेमकी तिथेच. शिवाय एकाच पानावर अनेक विक्रेते असू शकतात, त्यामुळे विक्रेत्याचे नाव-पत्ता वाचा.

‘एवढ्या मोठ्या साइटवर खोटा माल कसा असेल?’ असू शकतो. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकले गेल्याबद्दल दोन मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड केला होता.

चार्जरबाबत तर ‘फोन चार्ज होतोय ना, मग झाले’ हा विचारच घातक आहे. आत २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात पुरेसे अंतर आणि इन्सुलेशन लागते. नकली चार्जरमध्ये तेच नसते, आणि चवथ येते ती भर पावसाळ्यात, दमट हवेत. चार्जर हात लाववणार नाही इतका तापला, जळका वास आला, हाताला करंट जाणवला, तर आधी बटण बंद करा, मगच तो काढा. पावसाची झड येणाऱ्या बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) घरात वापरायच्या माळा लावू नका.

माल खोटा निघाला तर नुसता परत पाठवून गप्प बसू नका. खोके, बिल आणि क्रमांकाचे फोटो ठेवा. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायला हवे, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे मिळाले आणि हेल्मेट घरीच राहिले, तर त्याचा पट्टा कापून टाका. मागे बसणाऱ्यासाठी म्हणून ते ठेवू नका.