एचएसजी करायचीय आणि पोटात गोळा आलाय? हे वाचा

एचएसजी म्हणजे गर्भाशयात डाय (एक्स-रेवर दिसणारं औषध) सोडून बीजवाहक नळ्या उघड्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात, पाळी संपल्यावर पण ओव्ह्युलेशनच्या (बीज बाहेर पडण्याच्या) आधी करतात. दुखतं का? हो, बऱ्याच जणींना पाळीसारखी जोरात कळ येते, मुख्यतः डाय आत जाताना, पण ती काही मिनिटांचीच असते. "काही होत नाही गं" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

पेनकिलर साधारण तासभर आधी घ्यायची असते, कुठली ते डॉक्टरांनाच विचारा, आणि आयोडीनची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी असेल, अ‍ॅसिडिटी-दमा असेल तर तेव्हाच सांगून टाका. टेबलवर झोपायच्या आधीच स्पष्ट बोला: छोटा स्पेक्युलम (योनी उघडी ठेवायचं साधन) वापरा, प्रत्येक स्टेप सांगून करा, मी थांबा म्हटलं की थांबा. आत लेडी स्टाफ हवी असेल तर तेही मागा, लाजायचं काय त्यात! स्पेक्युलम घालताना श्वास रोखला की खालचे स्नायू आवळतात आणि जास्त दुखतं, म्हणून तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहा, पायाची बोटं हलवा.

नवरा एक्स-रे रूमबाहेरच थांबेल, पण घरी न्यायला कोणीतरी हवंच. पॅड सोबत ठेवा, एक-दोन दिवस थोडं स्पॉटिंग चालतं. ताप, वास येणारा डिस्चार्ज, वाढतं दुखणं किंवा जास्त ब्लीडिंग असलं तर लगेच फोन करा.