जँगोच्या शेलमधून नेमके हवे तेच ऑब्जेक्ट्स कसे शोधावेत

जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरताना त्याच्या शेलमध्ये, म्हणजे ओळीओळीने कोड चालवायच्या खिडकीत, डेटाबेसमधले रेकॉर्ड शोधता येतात. शेल कसं उघडायचं हे सांगण्यात वेळ घालवत नाही. जँगो 5.2 पासून मॉडेल्स (डेटाबेसमधल्या टेबलांचे पायथॉन क्लास) आपोआप इम्पोर्ट होतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर इम्पोर्टची ओळ हाताने लिहा.

'ग्राहक.ऑब्जेक्ट्स.ऑल()' लिहून एंटर दाबलं की पहिले 20 दिसतात आणि शेवटी बाकीचे कापल्याची सूचना येते. ती न वाचता 'टेबलात वीसच रेकॉर्ड आहेत' असं ठोकून देणारे बरेच भेटतात. आकडा हवा तर 'काउंट' वापरा. 'लेन' लावलंत तर आख्खं टेबल मेमरीत ओढलं जाईल.

शोधताना 'गेट' वापरू नका, सल्ला कोणी का देईना. एकही सापडला नाही तरी ते एरर देतं, दोन सापडले तरी देतं. शोधायला 'फिल्टर' आणि नावाच्या तुकड्यासाठी 'आयकंटेन्स' (लहान-मोठी इंग्रजी अक्षरं सारखीच धरून तुकडा शोधणारं), एवढं पुरतं.

खरी गोम पुढे आहे. एका ग्राहकाच्या अनेक ऑर्डर असतात आणि अट ऑर्डरवर लावायची असते. इथे मी स्वतः बराच काळ चाचपडलो आहे, म्हणून सावकाश सांगतो. समजा, 2024 मध्ये ज्यांची ऑर्डर रद्द झाली असे ग्राहक हवे आहेत. लिहायच्या दोन पद्धती अशा:

फिल्टर(ऑर्डर__तारीख__इयर=2024, ऑर्डर__स्टेटस='रद्द')

फिल्टर(ऑर्डर__तारीख__इयर=2024).फिल्टर(ऑर्डर__स्टेटस='रद्द')

'फिल्टर कसेही साखळीत जोडा, अर्थ तोच राहतो' हा सल्ला सर्रास दिला जातो. ग्राहकाच्या स्वतःच्या फील्डपुरता तो खरा आहे, इथे साफ चूक. पहिल्या ओळीत दोन्ही अटी एकाच ऑर्डरने पाळाव्या लागतात. दुसरीत 2024 ची कुठलीही एक ऑर्डर आणि रद्द झालेली कुठलीही एक ऑर्डर असली तरी चालतं. एखाद्याची 2023 ची ऑर्डर रद्द झाली आणि 2024 ची सुखरूप पोहोचली, तरी तो दुसऱ्या यादीत येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, यादीही दिसायला अगदी बरोबर.

संशय आला की क्वेरीसेटच्या (म्हणजे वरच्यासारख्या फिल्टरमधून मिळणाऱ्या यादीच्या) शेवटी '.क्वेरी' लावून प्रिंट करा. दुसऱ्या पद्धतीत ऑर्डरच्या टेबलाशी दोनदा जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) झालेला स्पष्ट दिसेल. (ते एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, फक्त वाचायला आहे. त्यात मजकुराच्या मूल्यांना अवतरणचिन्हं नसतात, त्यामुळे तसंच उचलून डेटाबेसमध्ये चिकटवलं तर चालणार नाही.)

अटीत बसणारे वगळणारं 'एक्सक्लूड' याहून लबाड. त्याच दोन अटी एकाच 'एक्सक्लूड'मध्ये दिल्या तरी त्या एकाच ऑर्डरवर तपासल्या जातात असं नाही. आपला 2023 वाला बिचारा ग्राहक विनाकारण वगळला जातो.

शिवाय जॉइनमुळे ज्याच्या तीन ऑर्डर अटीत बसतात तो ग्राहक यादीत तीनदा येतो. सगळे दुबार ओळी काढणारं 'डिस्टिंक्ट' लावायला सांगतात, पण त्यावर ऑर्डरच्या तारखेने 'ऑर्डर_बाय' (क्रम लावणं) केलं की ती तारीखही निवडीत शिरते आणि दुबार नावं परत हजर.

म्हणून माझं ठाम मत: अट अनेक-बाजूच्या टेबलावर (इथे ऑर्डरच्या) असेल तर 'अशी एखादी ऑर्डर आहे का' एवढंच तपासणारं 'एक्झिस्ट्स' वापरा. आत ऑर्डरचा साधा फिल्टर लिहायचा आणि 'आउटर_रेफ'ने तो ग्राहकाशी बांधायचा. दोन ओळी जास्त लागतात, पण अटी एकाच ऑर्डरवर तपासल्या जातात, नावं दुबार होत नाहीत आणि उलट यादी हवी तर 'एक्झिस्ट्स'च्या आधी फक्त '~' लावायचं. जँगो 3.0 पासून ते थेट 'फिल्टर'मध्ये देता येतं.

डेटाबेसमध्ये डोळ्यांनी दिसणारा रेकॉर्ड शेलमध्ये सापडतच नसेल तर फिल्टरला दोष देण्याआधी मॉडेलचा मॅनेजर ('ऑब्जेक्ट्स'मागचा, रेकॉर्ड आणून देणारा कोड) उघडून बघा. 'डिलीट झालेले लपव' असं कोणीतरी त्यात लिहून ठेवलेलं असतं. '_बेस_मॅनेजर'मधून शोधलं की बहुतेक वेळा तो सापडतो.

यादी काढणं सोपं: एकच फील्ड हवं तर 'व्हॅल्यूज_लिस्ट'ला 'फ्लॅट=ट्रू' द्या. ऑर्डरींची यादी ग्राहकाच्या नावासकट छापायची तर 'सिलेक्ट_रिलेटेड' विसरू नका, नाहीतर प्रत्येक ओळीमागे एक वेगळी क्वेरी जाते. लाखांत रेकॉर्ड असतील तर सगळे एकदम मेमरीत न ओढणारं 'इटरेटर'. आणि स्लाइस करून पहिले पन्नास घेणार असाल तर आधी 'ऑर्डर_बाय' लावा. क्रम ठरवलेला नसेल तर डेटाबेस दर वेळी तेच पन्नास देईल याची हमी नसते.